बापूंच्या इम्पालासाठी टॉर्क कन्व्हर्टर : स्टॉल किती ठेवायचा?

९ फेब्रुवारी २०२५, धुळे

बापूंची १९६७ची शेवरले इम्पाला आज स्टँडवरून खाली उतरली. ३५० क्यूबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ नव्याने बांधलंय. नवे पिस्टन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि मूळपेक्षा बऱ्यापैकी चढा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), ०.०५० इंच लिफ्टवर २२४ अंश ड्युरेशनचा. मूळची दोन गिअरची पॉवरग्लाइड बऱ्याच वर्षांपूर्वी निघाली आणि तिच्या जागी तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० बसला. दोन्हींची लांबी जवळपास सारखी असल्याने तेव्हा प्रोपेलर शाफ्टलाही फारसा हात लावावा लागला नव्हता. बदलाची नोंद आरसीत आहे.

न्यूट्रलमध्ये इंजिन ८५० आरपीएमवर सुरेख चालतं. लिव्हर डीत, म्हणजे ड्राइव्हमध्ये, टाकली की ५५० वर येऊन धडपडतं. ब्रेकवरचा पाय जरा हलका झाला की गाडी पुढे रेटते, आणि पाय घट्ट ठेवला की इंजिन बंद पडायला बघतं. अवधान एमआयडीसीच्या गेटपासून महामार्गापर्यंत येईतो दोनदा बंद पडली. कार्ब्युरेटर, टायमिंग, व्हॅक्यूमची गळती, सगळं तपासून झालं. ते सगळं जागेवर आहे. प्रश्न टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा.

१२ फेब्रुवारी

मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम मोजलं. न्यूट्रलमध्ये १४ इंच, डीत ९. आत १२ इंची मूळ कन्व्हर्टर आहे. तो बांधला गेला तो कमी आरपीएमवरच भरपूर ताकद देणाऱ्या इंजिनासाठी. आपल्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ) जास्त आहे. त्यामुळे १,८०० च्या खाली इंजिनाच्या अंगात फारसं बळ नाही. २,००० ओलांडले की मात्र ते जागं होतं. मोठा कन्व्हर्टर आयडलवरच, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं त्या आरपीएमवरच, गिअरबॉक्सला धरून ओढतो आणि इंजिनाला तो भार पेलत नाही. आयडल वाढवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण आयडल वाढवलं की गाडी ब्रेकवर आणखी रेटेल आणि तेल उगाच तापेल.

बापू संध्याकाळी शिरपूरहून येऊन गेले. त्यांचं म्हणणं साधं आहे. गाडी कापडाखाली झाकून ठेवायची नाही. आठवड्यातून शिरपूर-धुळे, लग्नसराईत इंदूर, घरची चार माणसं आणि डिकीत सामान. पण सिग्नल सुटला की तिने उठलं पाहिजे.

चार माणसं, सामान, मे महिना आणि वाटेत बिजासन घाट. कन्व्हर्टर निवडताना या गोष्टी आधी मांडायच्या.

१६ फेब्रुवारी

नाशिकच्या एका मित्राचा फोन. त्याच्या मते थेट ३,५०० स्टॉलचा मागवावा, "मग बघ कशी सुटते." त्याच्याशी बराच वेळ बोललो. त्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते इथे लिहून ठेवतो, कारण स्टॉल या आकड्याबद्दल आपल्याकडे खूप गैरसमज आहेत.

कन्व्हर्टरच्या आत तीन पंखे. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा टर्बाइन ते तेल झेलतो. मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा इम्पेलरला मदत होईल असं सोडतो. टर्बाइन थांबलेला असताना स्टेटर एकदिशा क्लचवर घट्ट उभा असतो आणि टॉर्क साधारण दुप्पट होतो. टर्बाइन वेग घेऊन इम्पेलरच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत आला की स्टेटर मोकळा फिरू लागतो आणि टॉर्क वाढणं थांबतं. टर्बाइन पूर्ण अडवून इंजिनाला फुल रेस दिली तर इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं तो स्टॉल.

म्हणजे स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. इंजिनाचा टॉर्क बदलला की तो बदलतो. अडकलेला आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ, हा आकडा त्या कन्व्हर्टरचा साधारण कायमचा असतो. ४०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २,४०० दाखवणारा कन्व्हर्टर घ्या. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणून त्याचा आकडा १२०. तोच ३०० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २,०८० च्या आसपास अडकेल आणि ४८४ च्या इंजिनामागे २,६४० वर. खोक्यावर २,४०० छापलेलं असलं तरी कोणाच्या इंजिनामागे, हे विचारल्याशिवाय त्या छापलेल्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरा गैरसमज याहून मोठा. स्टॉल ३,००० असेल तर ३,००० पर्यंत गाडी हलतच नाही, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हलक्या पायाने सपाटीवर चालताना इंजिन मोजकाच टॉर्क देत असतं. तेव्हा वर्गमूळातला आकडा लहान होतो आणि तोच कन्व्हर्टर बऱ्यापैकी घट्ट वागतो. घसरण वाढते ती भार वाढला की. चढ, चार माणसं, वरचा गिअर आणि कमी वेग हे सगळं एकत्र आलं की सैल कन्व्हर्टर तेल घुसळत बसतो, आणि घुसळलेली ताकद सगळी उष्णतेत जाते. खानदेशात ही बाब सोडून दिली तर गिअरबॉक्स पहिल्याच उन्हाळ्यात जळेल.

मित्राची गाडी वजनाने हलकी आहे, डिफही (मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियल) जास्त गुणोत्तराचा. त्याला ३,५०० चालेल. बापूंची गाडी माणसांसकट दोन टनांवर जाते.

२३ फेब्रुवारी

हातात असलेल्या कन्व्हर्टरचा खरा स्टॉल मोजला. आपल्या इंजिनाबद्दल खात्रीचं काही सांगणारा हा एकच आकडा आहे.

आधी ब्रेक दाबून. १,६०० ला मागची चाकं ब्रेकवरही फिरायला लागली, म्हणून सोडून दिलं. ब्रेक दाबून मिळालेला आकडा असाच अपुरा असतो, तो खालची मर्यादा सांगतो. मग मोकळ्या प्लॉटवर गाडी पायी चालण्याच्या वेगाने सोडून एकदम पूर्ण रेस दिली आणि काटा कुठे उडी मारून टेकतो ते पाहिलं. पुन्हा पुन्हा १,७५० च्या आसपासच.

ही चाचणी चार-पाच सेकंदांच्या वर कधीही करू नये. समजा स्टॉल जास्त असला, तर २,२५० आरपीएमला ४३० न्यूटन-मीटर म्हणजे १०० किलोवॅटच्या वर ताकद. चाकं अडलेली असताना ती सगळी तेलात जाते. कन्व्हर्टरमधलं चार-पाच लिटर तेल दर सेकंदाला दहा अंशांहून जास्त तापू शकतं. चाचा प्रत्येक वेळी मध्ये न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन चालू ठेवायला लावत होते, तेल फिरून थंड व्हावं म्हणून. ट्रकच्या गिअरबॉक्सवर आयुष्य काढलेला माणूस, पण तेल जळाल्याचा वास त्यांना कोणाहीआधी येतो.

२ मार्च

डिफ उघडला. क्राउनचे दात ३७, पिनियनचे ११, म्हणजे ३.३६. टायरची उंची जमिनीवर वजन असताना साधारण २७ इंच, एका फेऱ्यात २.१५ मीटर.

टॉप गिअर थेट १:१ आहे, ओव्हरड्राइव्ह नाही. घसरण शून्य धरली तर ६० किमीला १,५६०, ८० ला २,०८० आणि ९० ला २,३४०. बापू सोनगीर-नरडाणा पट्ट्यात ८० ते ९० ने जातात. इंजिन रोजच्या प्रवासात कुठे राहणार हे इथे कळलं. कन्व्हर्टरचा पूर्ण भाराचा स्टॉल या पट्ट्याच्या फार वर गेला तर ओव्हरटेक करताना दर वेळी आधी आरपीएम उडेल आणि मग गाडी हलेल. रस्त्यावर ते थकवणारं असतं.

आता दुसरी बाजू. फुल रेसमध्ये ५,२०० ला गिअर बदलला तर पहिल्या-दुसऱ्याची गुणोत्तरं २.५२ आणि १.५२, म्हणून इंजिन ३,१४० ला उतरतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात ३,४२०. म्हणजे एकदा गाडी उठली की इंजिन ३,००० च्या खाली येतच नाही. या कॅमला ३,००० च्या वर कुणाच्या मदतीची गरज नाही. सैल कन्व्हर्टरचा उपयोग फक्त पहिल्या काही मीटरांत, आयडलपासून २,२०० पर्यंतची दरी ओलांडायला. दोन गिअरची पॉवरग्लाइड असती तर हिशेब जरा वेगळा झाला असता. तीन गिअरमुळे आपल्याला कमी स्टॉलवर भागतं.

८ मार्च

निर्णयाचा दिवस. चाचा, मी आणि वहीभर आकडे.

कन्व्हर्टरची टॉर्क पेलायची ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. पात्यांचा कोन आणि स्टेटर तोच धरला तर १२ वरून ११ इंचावर आल्यावर स्टॉल सुमारे १.२४ पटीने वाढतो, १० इंचावर आल्यावर १.५८ पटीने. आपल्या इंजिनाचा टॉर्क १,७५० ला ४०० न्यूटन-मीटर धरला तर सध्याच्या कन्व्हर्टरचा आकडा ८७ येतो. ११ इंचीचा १०९, १० इंचीचा १३८. वरच्या आरपीएमला टॉर्कही वाढतो. तो धरून ११ इंची २,२५० च्या आसपास अडकेल आणि १० इंची ३,००० ला. बनवणारे पात्यांचा कोन बदलून यात बरंच इकडेतिकडे करू शकतात, पण दिशा हीच.

मग घाट. गाडी दोन टन, चढ सहा टक्के, ट्रकामागे ४० चा वेग. चढायला आणि टायर ओढायला मिळून साधारण १,४७० न्यूटन लागतात. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बाइनला १५० न्यूटन-मीटर द्यावे लागतात आणि तो फिरत असतो जेमतेम १,०४० ने. ११ इंची कन्व्हर्टर अशा वेळी सुमारे पाव हिस्सा घसरेल, १० इंची तिसऱ्या हिश्श्याच्याही वर. तीच गाडी, तोच वेग, पण लिव्हर दुसऱ्यात ओढली तर टर्बाइन १,५८० ने फिरतो, टॉर्क १०० वर येतो आणि घसरण पाच-सात टक्क्यांवर उतरते. चढायला लागणारी ताकद तेवढीच, १६ किलोवॅटच्या आसपास. पण तिसऱ्यात चार-पाच किलोवॅट तेलात जातात, दुसऱ्यात एक.

हा हिशेब झाल्यावर चाचांनी १० इंचीचं पान उलटून टाकलं.

लॉक-अपचाही विचार केला. ७००आर४ गिअरबॉक्सला पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७० आणि लॉक-अप क्लच. त्यात स्टॉल चढा ठेवूनही महामार्गावर घसरण शून्य करता येते. नव्याने गाडी बांधणाऱ्याने तोच रस्ता धरावा असं माझं मत. पण आपला गिअरबॉक्स उत्तम अवस्थेत आहे, आणि ७००आर४ घ्यायचा तर क्रॉसमेंबर, शाफ्ट, टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल सगळं नव्याने. टीव्ही केबल दोन-तीन दात जरी चुकीची बसली तरी क्लच जळतात. बापूंच्या या गाडीसाठी नको.

ठरलं : ११ इंची, २,२०० ते २,४०० आपल्या इंजिनामागे.

९ मार्च

अमेरिकेतल्या बनवणाऱ्याला सविस्तर पत्र लिहिलं. वजन, कॅमचं ड्युरेशन आणि लोब सेपरेशन, कॉम्प्रेशन, डिफ, टायर, आयडलचं व्हॅक्यूम, जुन्या कन्व्हर्टरचा मोजलेला स्टॉल आणि हवामान. उलट टपाली त्यांनी वजन आणि डिफ पुन्हा विचारून खात्री करून घेतली. जो विक्रेता हे विचारत नाही आणि नुसतं "किती स्टॉल हवा" एवढंच विचारतो, त्याच्याकडून घेऊ नये.

आतल्या बांधणीत मागितलं ते असं : भट्टीत ब्रेझ केलेली पाती, थ्रस्ट वॉशरऐवजी सुया असलेले बेअरिंग, आणि टर्बाइनसाठी ३० स्प्लाइन (शाफ्टवर बसणारे दाते).

६ एप्रिल

पार्सल मुंबईहून आलं. हब मायक्रोमीटरने मोजला, डायल लावून फिरवून पाहिला, स्टेटर एका दिशेला मोकळा आणि दुसऱ्या दिशेला घट्ट. फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती) आपली १६८ दातांची, कन्व्हर्टरच्या पॅडवर दोन्ही बोल्ट सर्कल आहेत, त्यातलं ११.५ इंचाचं आपलं.

तेलाचा कूलर आज बसवला. याला मी कन्व्हर्टरइतकंच महत्त्व देतो. गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून, मग पुढे लावलेल्या प्लेट टाइप कूलरमधून, आणि मग परत. मे महिन्यात रेडिएटरचं पाणीच ९० च्या वर असतं, म्हणून शेवटचा हात हवेचा हवा. होज एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकवाल्याकडून क्रिम्प करून घेतले. पॅनला वेल्ड करून तापमानाचा सेंडर बसवला, घड्याळ स्टेअरिंगखाली.

ऑटोमॅटिकचं तेल ८० अंशांपर्यंत आरामात राहतं. त्यावर दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. जिथे सावलीत पारा ४४-४५ ला जातो तिथे घड्याळाशिवाय चढा स्टॉल बसवू नये.

१३ एप्रिल

गिअरबॉक्स खाली. जुना कन्व्हर्टर निघाला. पंपाचं सील आणि मागचं क्रँक सील हात पोचतोय तोवर नवं घातलं.

नव्या कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतलं, म्हणजे पहिल्या स्टार्टला पंप कोरडा फिरत नाही. मग तो शाफ्टवर. इथे घाई अजिबात नको. आधी टर्बाइनचे स्प्लाइन, मग स्टेटर सपोर्ट, मग पंपाच्या खाचा. फिरवत फिरवत तीन वेळा तो आत बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. तिसरा टप्पा न बसताच बेलहाउसिंगचे बोल्ट आवळले तर पंपाचा गिअर फुटतो, आणि ते इंजिन सुरू केल्यावरच कळतं. चाचांनी तिन्ही टप्पे स्वतः हाताने पाहिले, मग मला पाहायला लावले.

बेलहाउसिंग पूर्ण आवळल्यावर पॅड आणि फ्लेक्सप्लेटमधली फट ४ मिमी. ३ ते ५ हवी. कन्व्हर्टर पुढे ओढून बोल्ट लावले.

१८ एप्रिल

पहिली फेरी.

डीत आयडल ७२५, व्हॅक्यूम १२.५ इंच. ब्रेकवर बोटभर दाबाने गाडी उभी राहते. जिथे बंद पडायची त्याच गेटपाशी मुद्दाम थांबून पाहिली. फ्लॅश स्टॉल, म्हणजे चालत्या गाडीत एकदम पूर्ण रेस देऊन मोजलेला, २,३०० आला, वहीतल्या २,२५० च्या अगदी जवळ. गाडी उठते कशी म्हणाल तर पूर्वी जिथे एक लांब श्वास घेऊन निघायची तिथे आता कॅम जागा असतानाच चाकांना बळ मिळतं.

शिफ्ट मात्र उशिरा आणि झटक्याने. टर्बो ३५० ला इंजिनाचा भार व्हॅक्यूम मॉड्युलेटरवरून कळतो. चढ्या कॅममुळे व्हॅक्यूम कमी, म्हणून त्याला वाटतं पाय जोरात दाबलाय. ॲडजस्टेबल मॉड्युलेटर लावला, अर्धा-अर्धा फेरा सैल करत दुसरा गिअर हलक्या पायाने ३० च्या आत पडेल असा ठेवला. फार सैल केला तर क्लच घसरतील, म्हणून थोडा झटका राहू दिला.

बापूंनी फोनवर आधी अहिराणीत विचारलं, "काय म्हनी राहिनी मनी गाडी?" मग मराठीत तासभर.

४ मे

बिजासन घाट. धुळ्याहून सकाळी दहानंतर मुद्दाम उशिरा निघालो, ऊन डोक्यावर यावं म्हणून. गाडीत चार जण, डिकीत वाळूची पोती.

तापी ओलांडून शिरपूरपर्यंत ८५ ने, पॅनमध्ये ८६ ते ८८ अंश. पुढे पळासनेर गेल्यावर घाटात ट्रकांची रांग. आधी डीत ठेवून पाहिलं. गिअरबॉक्स तिसऱ्यातच रेंगाळत राहिला, पाय थोडा जास्त दिला की आरपीएम वाढायचे आणि वेग तसाच. काटा ११२ ला पोचल्यावर लिव्हर दुसऱ्यात ओढली. आवाज वाढला, पण तापमान चढायचं थांबलं आणि पुढच्या वळणांत हळूहळू ९९ वर आलं. वहीतला चार-पाच किलोवॅट आणि एक किलोवॅटमधला फरक रस्त्यावर असा दिसला.

सेंधव्याला थांबून तेल पाहिलं. रंग लाल, वास नाही. परतताना उतारावर दुसऱ्यातच आणली.

११२ सुद्धा मला जास्त वाटतं. कूलरला पंखा हवा.

११ मे

कूलरवर दहा इंची विजेचा पंखा, ९० अंशांना सुरू होणारा थर्मोस्टॅट स्विच. शहरात उन्हात रांगेत उभी ठेवून पाहिली, ९३ च्या वर गेली नाही.

२५ मे

गाडी बापूंकडे. चावीसोबत एक कागद दिला : घाटात ट्रकामागे अडकलात तर लिव्हर दुसऱ्यात. काटा ११० च्या वर गेला तर जागा बघून थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन १,००० वर चालू ठेवा, बंद करू नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर पॅन खोलून तेल आणि फिल्टर.

बापूंनी कागद वाचला आणि विचारलं, क्राउन-पिनियन ३.७३ चं टाकलं तर आणखी उठेल का? उठेल, आणि घाटात तेलही थोडं कमी तापेल. पण ९० ला इंजिन २,६०० वर फिरेल आणि इंदूरपर्यंत तो आवाज कानात घेऊन बसावं लागेल. या महामार्गासाठी मी ३.३६ च ठेवीन असं त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. सध्या क्राउन आहे तेच राहील.